डेकच्या जुन्या फळ्या काढणे

गच्ची, टेरेस किंवा तरणतलावाकाठच्या लाकडी डेकला नव्या फळ्या बसवण्याआधी जुन्या सोडवून काढण्याचे काम. दिसायला ही तोडफोड. पण सगळी काळजी फळीखाली जे आहे त्याचीच घ्यायची असते.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा नवी मुंबईत पाम बीच रस्त्यालगत गच्चीवरचा डेक बहुधा कोब्यावर, म्हणजे गळती रोखणाऱ्या सिमेंटच्या थरावर, लाकडी पट्ट्यांचा वा चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा टाकून केलेला असतो. जून ते सप्टेंबर त्याखालची ओल हटत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते. खाडीकडच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू गंजून लाकडातच जाम होतात. पावसात लाकूड फुगून फळ्या एकमेकींत आवळतात, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे.

क्लिपांवर बसवलेल्या फळ्या बसवल्याच्या उलट क्रमाने, शेवटची आधी, अशा सुटतात. स्क्रूच्या फळ्यांत ड्रिल मशीन उलटे फिरवून आधी स्क्रू काढतात. डोके झिजलेला स्क्रू निघत नसेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंनी फळी कापतात. करवतीचे पाते फळीच्या जाडीपुरतेच खाली ठेवायचे. खिळ्यांच्या फळीला कटावणी लावायची ती सांगाड्याच्या पट्टीजवळ, खाली लाकडाचा तुकडा ठेवून. कटावणी थेट कोब्यावर टेकवून जोर दिला की कोबा फुटतो आणि पुढच्या पावसात खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात. सगळ्या फळ्या एकदम उचलू नयेत. पाय ठेवायला दोन-तीन राहू द्याव्यात. ठाण्यातल्या येऊरच्या बाजूला जंगल लागून असल्याने तिथल्या बंगल्यांत फळीखाली विंचू किंवा साप निघू शकतो. जाड हातमोजे हवेतच.

सांगाडा उघडा पडला की स्क्रूड्रायव्हर टोचून बघतात. टोक सहज रुतले तर ती पट्टीही बदलायची. कोब्याची तपासणी करायची हीच वेळ. गच्चीवर एक-दोन दिवस पाणी कोंडून खालच्या घराचे छत पाहतात. कंत्राटदार ही पायरी गाळायला उत्सुक असतो, त्याला गाळू देऊ नये.

निघालेल्या सागवानाचे बाक, कपाटाच्या फळ्या होतात. आयात पाइनवर मात्र कीड लागू नये म्हणून रसायन चढवलेले असते. जुन्या मालात तांबे-क्रोमियम-आर्सेनिकही सापडते. अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ते २००३ अखेर थांबवण्यात आले. असे लाकूड जाळल्यास धूर आणि राख दोन्ही विषारी, तेव्हा ते बंबात घालू नये, सोसायटीच्या होळीलाही देऊ नये.