उलटे जंप-स्टार्ट

उतरलेल्या बॅटरीची गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर चालू करताना जंप केबल उलट्या लागणे, म्हणजे प्लस मायनसला आणि मायनस प्लसला जोडला जाणे, याला उलटे जंप-स्टार्ट म्हणता येईल. चूक दोन-चार सेकंदांचीच असते, पण तिच्यामुळे विद्युत यंत्रणेत होणारे बिघाड कधी तत्काळ, तर कधी दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतात.

ठाणे आणि नवी मुंबईत अशा चुकीला पोषक परिस्थिती भरपूर आहे. आठवडाभर माणूस लोकलने ये-जा करतो आणि गाडी सोसायटीच्या स्टिल्टखाली उभी राहते. अलार्म, रिमोट लॉक, घड्याळ यांना बारीकसा करंट सतत लागतो आणि जुनी बॅटरी तेवढ्यानेच बसते. मग रविवारी शेजाऱ्याची गाडी समोर आणून लावायची, वॉचमनने टॉर्च धरायचा. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलेला असतो, खुणा त्याखाली गेलेल्या असतात आणि घाई तर असतेच. तुर्भ्याच्या एपीएमसी परिसरात वेगळाच धोका आहे. तिथे मदतीला सहज मिळतो तो ट्रक, आणि ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. तिथे केबल सरळ लावल्या तरी कारचे बल्ब, स्टिरिओ आणि इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

कारच्या भरलेल्या बॅटरीत सहा सेल मिळून सुमारे १२.६ व्होल्ट असतात. बरोबर जोडणीत दोन्ही बॅटऱ्या समांतर राहतात. उलट जोडणीत त्या एकसर होतात, म्हणजे दोघींचे व्होल्ट एकत्र येतात आणि केबलमधून शेकडो अँपिअर वाहू शकतात. ठिणगी उडते, केबलचे आवरण मऊ पडते, आणि बॅटरीतून निघालेला हायड्रोजन जवळपास साचलेला असेल तर स्फोटही होतो. त्याच क्षणी अल्टरनेटरचे (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोड, जे एरवी बॅटरीचा प्रवाह मागे फिरू देत नाहीत, उलट्या प्रवाहाला सरळ वाट करून देतात. मेन फ्यूज वेळेत उडाला तर ते वाचतात, नाहीतर जळतात. मात्र डायोड शाबूत आहेत तोवर बाकीच्या यंत्रणेवरचा उलटा दाब बराच कमी राहतो. शिवाय अनेक ईसीयूंना, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकांना, स्वतःचे संरक्षण असते. म्हणून गाडी बंद पडली की लगेच ‘ईसीयू गेला’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी फ्यूज तपासायला सांगावे.

तपासाची सुरुवात बॅटरीपासून होते. आधी मायनसची वायर काढतात, मग प्लसची. मल्टिमीटरचे लाल टोक प्लसला लावून आकड्यापुढे वजाची खूण दिसली, तर पूर्ण उतरलेली बॅटरी उलटी चार्ज झाली आहे. ती बदलणेच बरे. फुगलेली किंवा गळणारी बॅटरी पुन्हा जोडू नये. त्यानंतर मेन फ्यूज. अनेक गाड्यांत तो बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर किंवा बॉनेटखालच्या डब्यात स्क्रूने बसवलेला असतो आणि वरून धड दिसला तरी आत तुटलेला असू शकतो. त्यामुळे तो मीटरनेच तपासावा. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्ड पूर्ण अंधारात असेल तर पहिला संशय याच्यावर. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तार गुंडाळून काम भागवले तर पुढच्या वेळी वायरिंग जळते.

गाडी चालू झाली म्हणजे सुटलो असे नाही. इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. आकडा १२ च्या आसपास राहून उतरत गेला, तर अल्टरनेटरचा फ्यूज किंवा तो स्वतः गेला. चार्जिंग ठीक वाटूनही बॅटरी रात्रीत बसत असेल तर गळका डायोड, म्हणजे बंद गाडीतही बॅटरीचा प्रवाह मागे सोडणारा, शोधावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरही बंद उभ्या गाडीचा अल्टरनेटर हाताला कोमट लागणे ही त्याची चांगली खूण. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची जुनी सवय काही गॅरेजांत अजून आहे. त्यातून उसळणारा व्होल्टेज उरलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही घेऊन जातो.

स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही आणि किल्ली ‘ऑन’वर असताना इंजिनचा दिवा लागतच नाही, तेव्हा ईसीयूकडे वळावे, तेही त्याचा फ्यूज आणि मेन रिले (त्याला वीज देणारा विजेवर चालणारा स्विच) पाहून झाल्यावर. पुढचे काम ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचे. बॅटरी काढल्याने स्टिरिओ कोड मागतो किंवा खिडकीची काच एका दाबात वर जात नाही, तो बिघाड नव्हे.

ज्या गाडीने मदत केली तिच्याही बॅटरीतून तोच प्रवाह गेलेला असतो. शेजाऱ्याची गाडी सुरू असली तरी तिचे चार्जिंग व्होल्टेज आणि मोठे फ्यूज त्याच वेळी तपासून घेतात.