इलेक्ट्रिक गिटारसाठी वेगळी लाकडे

अल्डर, अ‍ॅश, महोगनी, मेपल ही इलेक्ट्रिक गिटारच्या कारखान्यांत रुळलेली लाकडे. घरी गिटार घडवणारे त्यांच्याऐवजी साग, ओक, आंबा, पॉलोनिया, वेंगे किंवा मोडक्या फर्निचरचे लाकूडही वापरतात.

ध्वनिक गिटारची वरची पातळ फळी कंप पावून आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये मात्र तारांखालचा चुंबकीय पिकअप तारांची कंपने टिपून त्यांचे विद्युत संकेत करतो. लाकडाचा सुरावर किती परिणाम होतो, हा वाद जुना आहे. तार, पिकअप आणि जोडकामाचा वाटा त्यात मोठा असल्याने लाकूड वजन, टिकाव आणि हत्याराखाली ते कसे वागते यावरून निवडावे. एकाच आकाराची बॉडी पॉलोनियाची केली, तर ओकच्या निम्म्याहून हलकी होते. मात्र पॉलोनिया इतके मऊ, की नखाचाही ओरखडा उठतो आणि स्क्रू सैल पडतात.

बॉडीत प्रयोग खपतात, नेकमध्ये, म्हणजे तारा जिच्यावरून ताणलेल्या असतात त्या लांब दांडीत, खपत नाहीत. सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ किलो वजनाएवढा असतो आणि नेकची जाडी जेमतेम २०-२२ मिलिमीटर. तिथे सरळ रेषांचे, गाठ नसलेले लाकूडच हवे. वार्षिक वलये फिंगरबोर्डला, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या पट्टीला, काटकोनात असतील तर उत्तम. ओले लाकूड पुढे वाकते, म्हणून ते पुरते वाळलेले असावे. उघड्या हवेत २५ मिलिमीटर जाडीला अंदाजे वर्ष लागते. कापल्यावरही काही दिवस ठेवून, मगच शेवटचा रंधा मारावा.

‘क्वीन’ बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांसोबत १९६३ पासून घडवलेली ‘रेड स्पेशल’ गिटार हे जुन्या फर्निचरचे लाकूड वापरण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण. तिचा नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीचा, बॉडीत जुन्या टेबलाचा ओक. महोगनीतली किड्यांची भोके त्यांनी आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात. करवत लावण्याआधी ते शोधून काढावेत.

सागातली सिलिका पात्यांची धार लवकर घालवते. सागासारखे तेलकट लाकूड चिकटवण्याआधी जोडाची जागा ॲसिटोनने पुसावी आणि लगेच सरस लावावा. वेंगेच्या बारीक कुसळांची जखम चिघळते, तर शिसव वर्गातल्या काही लाकडांच्या भुशाने त्वचेला व श्वासाला त्रास होतो. मास्क न लावता यांवर पॉलिशपेपर चालवूच नये. शिसव वर्गाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून व्यापक निर्बंध आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.