छबिलदास : शाळेच्या सभागृहात रुजलेली रंगभूमी

दादर पश्चिमेला, रेल्वे स्थानकापासून चालत काही मिनिटांवर असलेल्या छबिलदास मुलांच्या शाळेचे सभागृह १९७४ पासून प्रायोगिक नाटकांचे हक्काचे घर झाले, आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात एका शाळेचे नाव चळवळीला मिळाले.

या घटनेची मुळे रंगायनपर्यंत जातात. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींनी १९६० मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने नव्या नाटकाला जाणता प्रेक्षक मिळवून दिला, 'शांतता! कोर्ट चालू आहे' तिनेच १९६७ मध्ये रंगमंचावर आणले. पुढे मतभेदांतून रंगायन फुटली आणि १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी 'आविष्कार'ची स्थापना केली. गिरीश कर्नाड यांच्या 'तुघलक'चा तेंडुलकरकृत अनुवाद ही तिची पहिली निर्मिती.

अडचण जागेची होती. शिवाजी मंदिरासारखी नाट्यगृहे व्यावसायिक नाटकांच्या हिशेबाने चालत असल्यामुळे तेथील भाडे आणि तेथील शेकडो खुर्च्या, दोन्ही हौशी संस्थांच्या आवाक्याबाहेर असत. परिणामी महिनोन्महिने तालमी केलेले नाटक एक-दोन प्रयोगांतच थांबे. सुलभाताईंनी छबिलदास शाळेत शिक्षिका म्हणून काम केले होते. शाळेचे सभागृह संध्याकाळी मिळू लागले तेव्हा नाट्यगृहाची कोणतीही सोय नसलेल्या त्या खोलीत दिवे, पडदे, खुर्च्या यांची मांडामांड नाटकवाल्यांनीच करायची, अशी रीत पडली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सभागृह, असे आयुष्य यातील अनेकांनी वर्षानुवर्षे काढले. काकडे यांनी तर संस्थेच्या व्यवस्थापनाचा भार अखेरपर्यंत वाहिला.

माझ्या मते आविष्कारचे खरे मोठेपण आपल्या नाटकांइतकेच इतरांना दार उघडण्यात आहे. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्या दिग्दर्शकांचे काम येथे झाले, आणि मराठीबरोबर हिंदी प्रयोगही होऊ लागले. उंच रंगमंच आणि समोर अंधारातला प्रेक्षक ही मांडणी येथे बंधनकारक नव्हती, नट हाताच्या अंतरावर असे, त्यामुळे लिहिण्याची आणि अभिनयाची पद्धतही बदलली. प्रयोगाआधी किंवा नंतर गल्लीतला बटाटावडा खात चाललेली चर्चा हाही त्या संध्याकाळचाच भाग असे. मुलांसाठी 'चंद्रशाला' हा विभाग निघाला. १९८२ मध्ये रंगमंचावर आलेले 'दुर्गा झाली गौरी' हे त्याचे नृत्यनाट्य पुढे मुलांच्या अनेक पिढ्यांनी केले.

अरविंद देशपांडे यांचे १९८७ मध्ये निधन झाले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी छबिलदासमधील प्रयोग थांबले आणि आविष्कारने आपला मुक्काम माहीमच्या महापालिका शाळेत हलवला. तेथेही जागा शाळेचीच होती, आणि खुर्च्या मांडणारे हातही नाटकवाल्यांचेच.