कौटुंबिक सीमारेषा

कर्ज, आजारपण, नोकरीतील अनिश्चितता, पतिपत्नींमधील बेबनाव अशा प्रौढांच्या अडचणींचा भार मुलांवर पडू नये म्हणून घरात जे अंतर राखले जाते, त्याला कुटुंबोपचारात, म्हणजे साऱ्या कुटुंबाला विचारात घेऊन केल्या जाणाऱ्या मानसोपचारात, सीमारेषा म्हणतात. या विचाराला ठोस रूप देणारे मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांच्या १९७४ मधील मांडणीनुसार, ही रेषा पुसट झाली की कोणाचे दुःख कोणाचे हेच कळेनासे होते आणि ती फार ताठर झाली की मूल भरल्या घरात एकटे पडते.

रेषा उलट्या दिशेने ओलांडली जाऊन मूलच आईवडिलांना सांभाळू लागते, तेव्हा त्यास पालकीकरण म्हणतात. कुटुंबोपचारतज्ज्ञ इव्हान बोझोर्मेनी-नॉज व जेराल्डिन स्पार्क यांनी १९७३ मध्ये त्याचे विवेचन केले. धाकट्या भावंडांना भरवणे, घरकाम उरकणे हा त्याचा व्यावहारिक प्रकार. ही कामे वयाला झेपणारी असली आणि त्यांची जाण ठेवली गेली, तर त्यांतून मुलाचा आत्मविश्वासही वाढतो. भावनिक प्रकार अधिक घातक, कारण तो दिसतच नाही. दारात किल्ली फिरल्याच्या आवाजावरून आईचा आजचा मूड ओळखणारी आणि सहलीच्या पैशांची चिठ्ठी दप्तरातच ठेवून देणारी मुलगी सर्वांना ‘समजूतदार’ वाटते. तिच्या मनावरचा ताण या कौतुकाखाली झाकला जातो. विभक्त पालकांनी मुलाला निरोप्या करणे, ‘तुझ्या वडिलांना सांग, पैसे अजून आले नाहीत’ असे त्याच्याकरवी कळवणे, हाही याच अतिक्रमणाचा भाग होय.

सीमारेषा राखायची म्हणून सारे दडवून ठेवणेही चुकीचेच. घरातील ताण मुलांना शब्दांआधी जाणवतो आणि कारण कळले नाही तर लहान मूल बहुधा स्वतःलाच दोषी धरते. ‘बाबांची नोकरी सुटली आहे, काही दिवस खर्च जपून करावा लागेल, पण त्याची व्यवस्था आम्ही पाहतो आहोत’ एवढे सांगणे रास्त ठरते. ‘आता हप्ता कसा भरायचा, तूच सांग’ हे विचारणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलांना दिला असला, तरी निर्णयाचे ओझे त्यामुळे त्यांच्या शिरावर येत नाही.

दीर्घ आजाराने किंवा एकट्याने संसार ओढताना खचलेल्या पालकाच्या हातून ही रेषा कधीतरी ओलांडली जाणे स्वाभाविक आहे. अशा वेळी ‘काल मी तुला जे बोललो, ती माझी काळजी होती, तुझी नव्हे’ असे स्पष्ट सांगून तो भार मुलाकडून परत घेता येतो. मात्र तो पेलण्यास त्या पालकालाही मित्र, नातलग वा समुपदेशक असा कोणीतरी प्रौढ आधार लागतो.