शार्डोने : पारंपरिक पद्धतीची वाइन व तिचे आस्वादन

शार्डोने हे व्हायटिस व्हिनिफेरा या जातीच्या द्राक्षवेलीचे पांढरे वाण असून त्यापासून होणाऱ्या वाइनलाही तेच नाव आहे. पूर्व फ्रान्समधील बर्गंडी हा त्याचा मूळ प्रदेश होय. या वाणाला स्वतःचा ठसठशीत गंध नाही. मस्कत द्राक्षाची वाइन पहिल्याच वासाला ओळखू येते, तसे शार्डोनेचे होत नाही. पेल्यात जे जाणवते त्यात जमीन, हवामान आणि तळघरातील हाताळणी यांचा वाटा मोठा असतो. म्हणूनच जुन्या रीतीने काम करणाऱ्या लहान वाइनरीची शार्डोने चाखताना कोणती चव कोठून आली, याची उकल करणे हाच आस्वादनाचा गाभा ठरतो.

नाव व मूळ : दक्षिण बर्गंडीतील माकोने भागात शार्डोने नावाचे खेडे आहे. वाणाचे नाव त्यावरूनच पडले असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खेड्याच्या नावाचा संबंध ‘कार्डुअस’ म्हणजे काटेरी झुडूप या लॅटिन शब्दाशी जोडतात. वाणाचा या नावाने लिखित उल्लेख मात्र बराच उशिरा, बहुधा सतराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही माकोने भागातच आढळतो. पोंतिन्यी येथील सिस्टर्शियन मठाने (स्थापना १११४) उत्तर बर्गंडीतील शाब्लीच्या परिसरात द्राक्षबागा वाढविल्या हे खरे असले, तरी त्या बागांतील वेल आजच्या शार्डोनेचेच होते असे ठामपणे म्हणता येत नाही. धर्मयुद्धांवरून परतलेल्या सरदारांनी हा वेल लेबाननमधून आणला, तसेच ‘शार्डोने’ हे ‘देवाचे द्वार’ अशा अर्थाच्या हिब्रू शब्दांचे रूपांतर आहे, ही मते अजूनही अधूनमधून मांडली जातात. आनुवंशिक पुराव्यापुढे ती टिकत नाहीत.

अधिक काळ टिकलेला घोळ पिनो ब्लाँ या वाणाशी संबंधित आहे. दोन्ही वेल दिसायला इतके सारखे, की शार्डोने हा पिनो या जुन्या वाणाचाच पांढरा प्रकार समजला जाई आणि बाटल्यांवर ‘पिनो शार्डोने’ असे छापले जाई. जाणकार पानाच्या देठापाशी पाहून फरक सांगत. देठ जेथे पानाला मिळतो तेथील खाचेच्या कडेला शार्डोनेत पानाचा हिरवा भाग नसतो, नुसती शीरच कड बनते. पिनो ब्लाँमध्ये शिरेबाहेरही पानाची किनार असते. या निरीक्षणाला १९९९ मध्ये पक्का आधार मिळाला. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि फ्रान्समधील माँपेलिये येथील संशोधकांनी डीएनएवरील ३२ स्थाने तपासून दाखविले, की शार्डोने, गामे, आलिगोते यांसह ईशान्य फ्रान्समधील १६ वाणे ही पिनो आणि ग्वे ब्लाँ या एकाच जोडीची संतती आहेत. ग्वे ब्लाँ हे हलक्या प्रतीचे मानलेले, शेतकऱ्यांच्या बागांतील वाण. त्याच्या लागवडीवर वेळोवेळी बंदीही आली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासातून हे दोन जनकही एकमेकांचे जवळचे नातलग असल्याचे दिसून आले. हा संकर केव्हा झाला याविषयी मध्ययुग इतकाच सावध अंदाज करता येतो.

निर्मिती : बर्गंडीतील जमीन वारसाहक्काने पिढ्यान्पिढ्या वाटली गेल्याने तेथे लहान मालक पुष्कळ आहेत, माँत्राशे हा सुप्रसिद्ध मळा जेमतेम ८ हेक्टरांचा, पण त्याचे मालक डझनाहून अधिक आहेत. अशा वाइनरीत घड सबंधच दाबयंत्रात जातात, रस थोडा निवळू देतात आणि तो २२८ लिटरांच्या ओकच्या पिंपांत भरून द्राक्षांवरील व तळघरातील यीस्टच्या जोरावर आंबू देतात. यीस्ट मरून तळाशी बसते, त्या साक्यावरच वाइन अनेक महिने राहते. काही जण पिंपाच्या तोंडातून काठी घालून साका ढवळतात. त्याने वाइनला भरीवपणा येतो, पण हवाही आत शिरते. म्हणून हा प्रघात अलीकडे अनेकांनी कमी केला आहे. थंडी ओसरल्यावर दुसरे किण्वन सुरू होते व त्यात जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात.

‘पारंपरिक’ हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. शाब्लीची खरी वाइन पोलादी टाकीतलीच, असे बरेच जण समजतात; वास्तविक पोलादी टाक्या तेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. त्याआधी १३२ लिटरांची ‘फय्येत’ नावाची लहान पिंपे वापरात होती.

आस्वादन : पेला वर किंचित निमुळता, पोटाशी रुंद असावा आणि तो एक तृतीयांशच भरावा. शाब्लीसारखी हलकी वाइन ८ ते १० अंश सेल्सियसला, तर मर्सो किंवा प्युलिन्यी-माँत्राशे येथील भरदार वाइन ११ ते १३ अंशांना खुलते. फार थंड केल्यास गंध मिटतो आणि आंबटपणा व ओकचा तुरटपणा तेवढा उरतो. पेला न हलविता पहिला वास घ्यावा, मग हलवून दुसरा. थंड प्रदेशातील वाइनला लिंबू व हिरव्या सफरचंदाचा, उबदार प्रदेशातीलला पीच व पिकलेल्या अननसाचा वास येतो. व्हॅनिला, लवंग, खोबरे किंवा धूर यांचा भास ओकमुळे होतो, लोण्याचा डायअसिटिल या संयुगामुळे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ओकचा उग्र वास आणि लोण्याचा दाट दरवळ ही जुन्या पद्धतीची खूण आहे, असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात पिंपातच आंबलेल्या वाइनमध्ये यीस्ट ओकमधील व्हॅनिलिन या सुगंधी पदार्थाचे कमी गंधाच्या पदार्थात रूपांतर करते, आणि साक्यावर राहिलेल्या वाइनमध्ये डायअसिटिलही बरेचसे नाहीसे होते. टाकीत आंबवून मागाहून नव्या पिंपात ओतलेल्या वाइनमध्ये लाकूड वेगळे, वरवर चिकटविल्यासारखे जाणवते. तेव्हा जुन्या वळणाच्या चांगल्या वाइनमध्ये लाकूड व लोणी यांपेक्षा हेझलनट, भाजलेला पाव आणि जिभेवरचा रेशमी भरीवपणा शोधावा. घोट काही क्षण तोंडात फिरवून गिळल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटत राहिली, तर आम्लता शाबूत आहे असे समजावे. चव किती वेळ रेंगाळते, यावर वाइनची प्रत ठरते.

शाब्लीच्या मातीत लहान शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात आणि तेथील वाइनच्या ‘खनिज’ चवीचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. जमिनीतील खनिजे चवीच्या रूपाने थेट पेल्यात उतरतात, हे मत आज फारसे ग्राह्य नाही. आम्लता आणि काही गंधकयुक्त संयुगे हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

दोष व मुरणे : बाटलीच्या तळाशी दिसणारे काचेच्या चुऱ्यासारखे खडे टार्टारिक आम्लाचे क्षार असून ते निरुपद्रवी असतात, वाइन फार थंड न करता व न गाळता भरल्यास ते हमखास दिसतात. पेटवून विझविलेल्या काडीचा वास गंधकयुक्त संयुगांमुळे येतो आणि थोडा असल्यास अनेक जाणकारांना तो आवडतो. याहून गंभीर प्रश्न अकाली ऑक्सिडीकरणाचा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही बर्गंडी वाइन दीर्घकाळ मुरण्याऐवजी लवकरच तपकिरी पडून जुन्या सफरचंदासारख्या वासाच्या झाल्या. बुचांची प्रत, गंधकाचा कमी वापर, अति ढवळणे आणि रस फार हळुवारपणे काढणारी नवी दाबयंत्रे अशी कारणे पुढे आली आहेत. पूर्वी रस दाबतानाच हवेने काळवंडे, त्यातील फिनॉले (हवेने तपकिरी पडणारी संयुगे) आधीच गळून पडत व वाइन पुढे टिकून राही, हा युक्तिवाद विशेष विचारार्ह वाटतो. तथापि एकच कारण सर्व बाटल्यांना लागू पडत नाही. चाखताना मात्र काडीचा वास आणि ऑक्सिडीकरण या दोन अवस्थांची गल्लत होऊ नये. काडीचा वास पेल्यात अर्धा तास ठेवल्यावर बहुधा विरतो आणि त्याखालचे फळ वर येते. ऑक्सिडीकरण झालेली वाइन हवा लागताच आणखी निस्तेज होत जाते.