थायमसमध्ये मरणाऱ्या पेशी: एका गैरसमजाची पार्श्वभूमी

नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या आसपास बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने बरेच. खोकला हटत नाही म्हणून तान्ह्या बाळाच्या छातीचा एक्स-रे काढला की कधीकधी हृदयाच्या वरच्या बाजूला, शिडासारखी तिरकी कडा असलेली रुंद सावली दिसते. सोबत आलेली आजी घाबरते. "डॉक्टर, गाठबिठ तर नाही ना?" "नाही हो आजी, ती थायमस ग्रंथी. या वयात एवढी मोठी असतेच." विषय तिथे संपतो. शंभर वर्षांपूर्वी तो असा संपत नव्हता.

१८८९ मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी मांडलं की काही बाळं झोपेत अचानक दगावतात, त्यामागे वाढलेली थायमस असते. त्यांना ती मोठी का वाटली, हे समजण्यासारखं आहे. शवविच्छेदनाला येणारे देह बहुतेक गरिबांचे, दीर्घ आजाराने खंगलेल्यांचे, आणि आजारपणात व कुपोषणात थायमस झपाट्याने आक्रसते. ती आक्रसलेली ग्रंथीच 'नॉर्मल' म्हणून पुस्तकांत गेली. मग धडधाकट बाळाची ग्रंथी राक्षसी दिसणारच. १९०७ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला फ्रीडलँडर यांनी ती क्ष-किरणांनी लहान करून दाखवली आणि पुढची काही दशकं हजारो निरोगी बाळांच्या छातीवर किरण सोडले गेले. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. हा संबंध १९५० मध्ये उघड झाला. वैद्यकातल्या चुकांत ही चूक मला फार वरची वाटते, कारण मुळात आजारच नव्हता.

आकाराचा घोळ मिटला तरी थायमस करते काय, हे कोडं राहिलंच. तिच्यात लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, खच्चून भरलेले, पण त्यांतले बहुतेक तिथेच मरतात. म्हणून तिला मरणाऱ्या पेशींचं स्मशान समजत. पूर्ण वाढलेल्या प्राण्याची थायमस काढली तरी लगेच फारसं काही बिघडत नसे. त्यामुळे ती निरुपयोगीच, हे मत पक्कं झालं होतं.

१९६१ मध्ये लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत जॅक मिलर उंदरांच्या ल्युकेमियावर (रक्ताच्या कॅन्सरवर) काम करत होते. त्यांनी जन्मल्याबरोबर, म्हणजे पिल्लू जेमतेम दीड ग्रॅमचं असताना, थायमस काढली. ही पिल्लं पुढे खंगली, संसर्गाने मेली. दुसऱ्या वाणाच्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली तर ती नाकारली न जाता तिच्यावर केसही उगवले. मोठ्यांत काही बिघडत नव्हतं, कारण थायमसमध्ये तयार होणाऱ्या लिम्फोसाइटचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशींचा, साठा तोवर अंगात पसरलेला असतो. एवढं दिसूनही पीटर मेडावार यांच्यासारख्या नोबेल मिळवलेल्या माणसाला थायमसमधले लिम्फोसाइट हा उत्क्रांतीतला बिनमहत्त्वाचा अपघात वाटत होता.

मग पेशी इतक्या मरतात का? ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची विरळणी चालू असताना वेलीखाली पडलेला हिरव्या मण्यांचा खच पाहून नवख्या माणसाला वाटेल, बागेवर रोग पडला. थायमसबाबत नेमकं हेच झालं. मरण हेच तिथलं काम होतं.

अस्थिमज्जेतून आलेली पेशी थायमसमध्ये आपले जनुकांचे तुकडे वेड्यावाकड्या क्रमाने जोडून स्वतःचा रिसेप्टर, म्हणजे परकं-आपलं ओळखणारा रेणू, बनवते. जुळणी आंधळी असल्यामुळे बहुसंख्य रिसेप्टर कुचकामी निघतात आणि काही स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतील असे. पहिल्या चाळणीचा धागा १९७४ मध्ये कॅनबेराला सापडला. झिंकरनागल आणि डोहर्टी यांना दिसलं की मारक टी पेशी विषाणूग्रस्त पेशीला मारते, पण तिच्यावर स्वतःच्या वाणाचे एमएचसी रेणू, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखचिन्हं, असतील तरच. (नोबेल १९९६ मध्ये.) ही ओळख येते कुठून? संकरित उंदराची अस्थिमज्जा आई किंवा बाप यांपैकी एकाच्याच वाणाच्या उंदरात घालून बेव्हन आणि झिंकरनागल यांनी १९७७-७८ मध्ये दाखवलं की ते थायमस ठरवते. तिथल्या एमएचसीला थोडंफार चिकटेल तीच पेशी जगते. बाकीच्या तीन-चार दिवसांत आपोआप मरतात. ही सकारात्मक निवड.

दुसरी चाळणी उलटी: फार घट्ट चिकटणारी पेशी बाद. स्वतःवर उलटणाऱ्या पेशी वेळीच नष्ट होत असाव्यात, असं ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बर्नेट १९५० च्या दशकातच म्हणाले होते. पुरावा १९८७ मध्ये कॅपलर आणि मॅरॅक यांनी दिला. १९८८ मध्ये किसिएलोव्ह आणि फॉन बोमर यांनी तर तो डोळ्यांना दिसेल असा केला. त्यांच्या उंदरांतल्या टी पेशी फक्त नरांत असणारा एक घटक ओळखायच्या. माद्यांची थायमस भरलेली, नरांची चिमुकली, जवळपास रिकामी.

पण इन्सुलिन स्वादुपिंडात बनतं, मग थायमसमधल्या पेशीला ते भेटणार कसं? उत्तर होतं एअर नावाच्या जनुकात. एकाच वेळी अनेक ग्रंथींवर हल्ला करणाऱ्या, फिनलंडमध्ये त्यातल्या त्यात जास्त आढळणाऱ्या एका आनुवंशिक आजारातून तो १९९७ मध्ये सापडला. २००२ मध्ये कळलं की थायमसच्या गाभ्यातल्या पेशी याच्या जोरावर शरीरभरच्या अवयवांची प्रथिनं थोडी थोडी बनवून दाखवतात.

तरीही काही पेशी निसटतात. १९६९ मध्ये जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या मादी पिल्लांची थायमस काढली, तर स्वतःच्याच टी पेशींच्या हल्ल्यात त्यांची बीजांडं नष्ट झाली. या जुन्या निरीक्षणाच्या मागावर राहून साकागुची यांनी १९९५ मध्ये इतरांना आवरणाऱ्या टी पेशी दाखवल्या. त्याही थायमसमध्येच घडतात. ब्रुनकाव आणि रॅम्सडेल यांच्यासोबत त्यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

मोठेपणी ग्रंथीची बरीचशी चरबी होते, म्हणून हृदयाच्या ऑपरेशनमध्ये वाटेत आली की ती सर्रास काढतात. २०२३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी अशा प्रौढांची तुलना थायमस न काढता छातीचं ऑपरेशन झालेल्यांशी केली. पाच वर्षांत मृत्यू ८.१ टक्के विरुद्ध २.८ टक्के आणि कॅन्सरही जवळपास दुप्पट. हा जुन्या नोंदींचा अभ्यास आहे, त्यामुळे थायमस काढल्यानेच हे झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही. मात्र गरज नसताना ती काढू नये, असं आता काही सर्जन म्हणू लागले आहेत.