मुस्पेल : आगीच्या मुलखाची पार्श्वभूमी

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, पुराणांवर बेतलेल्या गेममध्ये आणि कॉमिक्समध्ये मुस्पेल्सहाइम, म्हणजे मुस्पेल हा आगीचा मुलूख, ठरलेल्या थाटात येतो. लाव्हाच्या नद्या, काळ्या दगडाचा गड, सिंहासनावर बसलेला अग्निराक्षस सुर्त, आणि विश्ववृक्षाच्या नकाशावर नऊ जगांपैकी एक म्हणून आखलेली जागा. मूळ साहित्यात यातला गड नाही, नद्या नाहीत आणि सिंहासनही नाही. नऊ जगे आहेत एवढे जुन्या कविता सांगतात, पण ती कोणती याची यादी एकही कविता देत नाही. ती नंतरच्या अभ्यासकांनी आणि वाचकांनी जुळवली आहे. म्हणून या मुलखाचा नकाशा काढायला बसणाऱ्याने आधी कोणती ओळ कुठून आली ते पाहावे.

सर्वांत जुना आहे तो नुसता शब्द, आणि तोही स्कँडिनेव्हियातला नव्हे. बव्हेरियात नवव्या शतकात कोणीतरी एका लॅटिन हस्तलिखिताच्या समासात आणि कोऱ्या राहिलेल्या पानांवर जुन्या जर्मनमध्ये एक कविता उतरवून ठेवली. ती ख्रिस्ती न्यायदिनाविषयी आहे : डोंगर पेटतात, नद्या आटतात, आणि ‘मुस्पिली’पुढे नातलग नातलगाच्या कामी येत नाही. १८३२ साली ती छापताना संपादक श्मेलर यांनी हाच शब्द कवितेला नाव म्हणून दिला. त्याच शतकातल्या जुन्या सॅक्सन भाषेतल्या ख्रिस्तचरित्रात ‘मुत्स्पेली’ अंधाऱ्या रात्री चोरासारखे येते. दोन्ही ठिकाणी अर्थ जगाच्या अंताचा आहे. जागेचा, देशाचा किंवा दिशेचा मागमूस नाही. शब्दाची फोड कशी करायची यावर आजही एकमत नाही.

हाच शब्द आइसलंडच्या कवितांत येतो तेव्हा त्याला माणसे चिकटलेली असतात. ‘व्होलुस्पा’ या भविष्यकथनाच्या कवितेत ‘मुस्पेलचे लोक’ समुद्रावरून येतात, तर ‘लोकासेन्ना’त ‘मुस्पेलचे पुत्र’ घोड्यांवरून काळे रान ओलांडतात. मुस्पेल इथेही देश आहे की कोणी पूर्वज, हे कविता सांगत नाही. या कविता ज्या मुख्य हस्तलिखितामुळे टिकल्या ते १२७०च्या सुमाराचे आहे. त्याची ४५ पाने उरली आहेत आणि मधली आठ हरवली आहेत.

देश घडवला तो स्नॉरी स्टुर्लुसन (११७९ ते १२४१) यांनी. ते आइसलंडचे बडे सरदार, कायदा मुखोद्गत असलेले सभापती आणि कवी. १२२०च्या सुमारास त्यांनी तरुण कवींसाठी जे पाठ्यपुस्तक लिहिले, त्यात मुस्पेलची पहिली सलग हकीकत मिळते. ती जेमतेम चार ओळींची आहे. दक्षिणेला मुस्पेल नावाचे जग सर्वांत आधीपासून होते. ते उजळ आणि तप्त आहे, ती सारी दिशाच जळते, आणि जे परके आहेत, ज्यांचे तिथे ‘ओदाल’ नाही, त्यांना तिथे पाऊल टाकता येत नाही.

या ‘ओदाल’ शब्दापाशी थांबायला हवे. नॉर्वेच्या कायद्यात ओदाल म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्याकडे चालत आलेली जमीन. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ ‘वतन’ किंवा ‘मिरास’ जाईल. आगीच्या मुलखाचे वर्णन स्नॉरी करतात ते जमीनहक्काच्या भाषेत : ज्याचे वतन तोच तिथे राहणार, उपऱ्याला थारा नाही. पुढच्याच वाक्यात सुर्त येतो. तो मुलखाच्या टोकाला, संरक्षणासाठी, जळती तलवार घेऊन बसलेला आहे. तिथे त्याला राजा म्हटलेले नाही. हद्दीवर बसलेला हा राखणदार आहे, आणि माझ्या मते राजा करून टाकलेल्या सुर्तापेक्षा हा कितीतरी अधिक भीतीदायक आहे, कारण त्याच्या पाठीमागे काय आहे ते कोणीच पाहिलेले नाही.

या मुलखाचे पहिले काम निर्मितीचे आहे. उत्तरेला निफ्लहाइम, धुक्याचे आणि थंडीचे जग. मध्ये गिन्नुंगागाप ही पोकळी. उत्तरेकडून एलिवागार नद्या निघतात. उगमापासून फार दूर आल्यावर त्यांच्यातले विष घट्ट होते. स्नॉरी उपमा देतात ती लोहाराच्या भट्टीतून वाहून बाहेर पडणाऱ्या मळीची. त्याचे बर्फ होते, वर झिरमिरणारा विषारी ओलावा गोठून हिवाचे थर चढत जातात, आणि पोकळीचा उत्तर भाग भरतो. दक्षिण भाग मुस्पेलच्या ठिणग्यांनी उबदार राहतो. जिथे ऊब हिवाला भिडते तिथे ते वितळून ठिबकू लागते, आणि त्या थेंबांतून ईमिर हा आद्य राक्षस आकाराला येतो. पुढे त्याच्याच देहाची पृथ्वी होते. उरलेल्या मोकाट ठिणग्या देव आकाशात बसवतात, त्यांचे तारे होतात. सूर्यही मुस्पेलमधून उडालेल्या ठिणगीचाच.

म्हणून मुस्पेलला नरक म्हणणे चूक आहे. मेलेली माणसे तिथे जात नाहीत आणि पापाची शिक्षाही तिथे होत नाही. मृतांचे हेल थंड आणि ओलसर आहे. अग्निदेवाशी तुलना करायची तर तीही टिकत नाही, कारण मुस्पेलमधल्या कोणाचीही पूजा होत असल्याचे या कथांत कुठे येत नाही.

दुसरे काम अंताचे, आणि नकाशा काढणारे अडकतात ते इथे. स्नॉरींच्या रॅग्नारोकमध्ये, म्हणजे जगाच्या अंताच्या लढाईत, आकाश दुभंगते, मुस्पेलचे पुत्र घोड्यांवरून येतात, सुर्त सर्वांत पुढे असतो, आणि त्यांच्या भाराने बिफ्रॉस्ट हा पूल मोडतो. व्हिग्रीदच्या मैदानात त्यांची फळी वेगळी उभी राहते, आणि ती फार झळाळते. ‘व्होलुस्पा’त मात्र मुस्पेलचे लोक पूर्वेकडून जहाजाने येतात, लोकी हा कपटी देव सुकाणूवर असतो, दक्षिणेकडून येतो तो एकटा सुर्त. दोन दिशांच्या दोन टोळ्या स्नॉरींनी एकत्र केल्या आणि मुस्पेलला दक्षिण दिली, असे या ओळी शेजारी ठेवून वाचल्यावर दिसते. फ्रेय हा देव सुर्ताच्या हातून पडतो, कारण आपली तलवार त्याने आधीच आपल्या सेवकाला देऊन टाकलेली असते. मग सुर्त पृथ्वीवर आग फेकतो. ती आग कायमची नाही : ‘व्हाफ्थ्रुद्निस्माल’ ही कविता सुर्ताची ज्वाळा विझल्यानंतर देवस्थाने कोण वसवेल तेही सांगते.

सुर्ताची स्वतःची वंशावळ वेगळी दिसते. त्याचे नाव ‘काळा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडलेले आहे. दहाव्या शतकातला नॉर्वेचा दरबारी कवी एव्हिंद ‘सुर्ताच्या खोल दऱ्या’ म्हणतो, म्हणजे त्याच्या मनातला सुर्त पाताळासारख्या खोल जागी राहणारा आहे. आइसलंडमध्ये त्याला प्रत्यक्ष पत्ता मिळाला. पश्चिम आइसलंडमध्ये नवव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे वसाहत नुकतीच सुरू झाली असताना, हाल्मुंदारह्राउन हा लाव्हा वाहिला. त्याच्या पोटात एक किलोमीटरहून लांब पोकळ बोगदा राहिला. तो सुर्त्सहेट्लिर, सुर्ताची गुहा. वसाहतीच्या बखरीत थोरवाल्द नावाचा माणूस या गुहेपाशी जाऊन आतल्या राक्षसावर रचलेले स्तुतिकाव्य म्हणतो. आत खोलवर दगड रचून केलेले होडीच्या आकाराचे कुंपण आहे. त्यात जनावरांची जाळलेली आणि बारीक तुकडे केलेली हाडे, काचमणी, आणि हरताळ या पिवळ्या खनिजाचे कण सापडले. हरताळ आइसलंडमध्ये मिळत नाही, ते फार दूरच्या व्यापारातून आलेले. गुहा दरोडेखोरांचा अड्डा होती, हा समज त्यामुळे मागे पडून विधींची जागा हा अर्थ पुढे आला आहे.

त्यानंतर ९३९ साली एल्द्ग्याउची भेग फुटली. सुमारे ७५ किलोमीटर लांबीच्या या भेगेतून जवळजवळ २० घन किलोमीटर लाव्हा आला. गेल्या दोन हजार वर्षांत पृथ्वीवर एवढा लाव्हा दुसऱ्या कुठल्याही उद्रेकाने ओतलेला नाही. ‘व्होलुस्पा’त सूर्य काळवंडतो, तारे दिसेनासे होतात, वाफ उसळते आणि ज्वाळा आकाशाला भिडते. ही आठवण एल्द्ग्याउची असावी, असे २०१८ साली काही संशोधकांनी मांडले. चित्रापुरते ते पटते. मुस्पेल या शब्दाचा उगम मात्र ज्वालामुखीत शोधू नये, कारण तो एकही ज्वालामुखी फुटत नसलेल्या बव्हेरियात आणि सॅक्सनीत आधीच बोलला जात होता.

इ.स. १०००च्या सुमारास थिंगवेट्लिरच्या सभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा वाद चालू असताना जवळच लाव्हा फुटल्याची बातमी आली. जुन्या धर्माच्या पक्षाचे लोक म्हणाले, देव कोपले. त्यावर स्नॉरी गोदी या सरदाराने (हा वेगळा स्नॉरी, दोन शतके आधीचा) विचारले, की आपण उभे आहोत तो दगड जळत होता तेव्हा देव कशावर कोपले होते? हकीकत नंतर लिहिलेली आहे, पण ते मैदान खरोखरच लाव्हाचे आहे.

सुर्ताचे नाव आइसलंडच्या जमिनीत पुढेही उरले. कड्यांत सापडणाऱ्या जुन्या लिग्नाइट कोळशाला तिथे ‘सुर्तारब्रान्दुर’, सुर्ताचे कोलीत, म्हणतात. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी दक्षिण किनाऱ्यापलीकडे, सुमारे १३० मीटर खोल समुद्रातून उद्रेक वर आला आणि बेट तयार झाले. त्याला सुर्त्सेय, सुर्ताचे बेट, हे नाव मिळाले. ५ जून १९६७ पर्यंत उद्रेक चालला. बेट जास्तीत जास्त २.७ चौरस किलोमीटरचे होते. लाटांनी खाऊन त्याचे निम्म्याच्या आसपास उरले आहे. बीज, पक्षी, कीटक आपसूक कसे येतात ते पाहायचे असल्याने तिथे परवानगी असलेल्या संशोधकांखेरीज कोणालाही उतरू देत नाहीत.